रक्तदाते नोंदवही, सुधारित

"आठ दिवसांत करून देतो," हे वाक्य मी रुग्णालयाच्या अधीक्षक बाईंच्या खोलीत, उभ्याउभ्या आणि कुणीही विचारलेलं नसताना बोलून गेलो. नेमकं काय करून द्यायचंय हे तेव्हा मला नीटसं समजलेलं नव्हतं. पण ज्याची चौतीस वर्षं कचेरीच्या अभिलेख कक्षात गेली, त्याला काम कळण्याआधी मुदत सांगायची सवय असते, त्याला इलाज नाही.

प्रकरण माझ्या थोरल्या बहिणीचं होतं. ताई एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. नोकरीत असतानाच तिनं रक्तदात्यांची यादी ठेवायला सुरुवात केली आणि आता त्या यादीच्या अकरा वह्या झाल्यात. रुग्णालयात एखाद्या गटाचं रक्त कमी पडलं की तिथून ताईला फोन येतो, ताई वही उघडते, चारदोन फोन फिरवते आणि तासाभरात कुणीतरी दंडाची बाही वर करून रुग्णालयात हजर होतो. रुग्णालयाच्या फलकावर रक्तपेढीच्या खाली तिचाच नंबर लिहिलेला आहे. माझं नाव आजवर कुठल्याही फलकावर लागलेलं नाही, हे ओघात आलं म्हणून सांगतो.

अधीक्षक बाई नव्या होत्या, पण त्यांचं म्हणणं सरळ होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. त्या म्हणाल्या, "ताई, तुमचं काम फार मोठं आहे. पण तुम्ही आजारी पडलात तर? वह्या भिजल्या तर? एक तारखेपासून ही यादी संगणकावर हवी. आमच्या कामावरच्या माणसाला कुठूनही आणि केव्हाही दिसली पाहिजे. त्याआधी चाचणी घेऊ. नाही जमलं तर आम्हाला दुसरी व्यवस्था करावी लागेल, मग फलकावरचा नंबर काढणं आलं."

ताईनं मांडीवरच्या पर्सची चेन उघडली आणि परत लावली. ते मला बघवलं नाही, आणि माझ्या तोंडून वरचं वाक्य निघून गेलं.

जिना उतरताना ताई म्हणाली, "अरे, तुला येतं का ते?"

"येईल."

"म्हणजे येत नाही."

"ताई, माणूस शिकतो म्हणूनच येतं ना?"

"बरं," ताई म्हणाली. तिच्या 'बरं'मध्ये विश्वास किती आणि माया किती, हे मला लहानपणापासून कळलेलं नाही.

घरी बातमी सांगितल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही? मागच्या महिन्यात फोनचा आवाज कमी करायला गेलात आणि माझ्या मावशीला व्हिडिओ कॉल लावलात. तोही बनियनवर." मी त्यावर उत्तर दिलं नाही. काही टीका इतक्या खालच्या पातळीवरच्या असतात की त्यांना उत्तर देणं म्हणजे त्यांना मान देणं असतं. शिवाय ती टीका खरी होती.

खरा सल्ला मिळाला तो समोरच्या बिऱ्हाडातल्या चष्मेवाल्यांकडून. त्यांचं खाली दुकान आहे, पण नंबर काढण्यापेक्षा सल्ला देण्यात त्यांचा हात जास्त बसलाय. त्यांचा एक मेहुणा कुठल्याशा कंपनीत संगणकावर बसतो, आणि त्याच्या पुण्याईवर चष्मेवाले आमच्या जिन्यातले तज्ज्ञ झालेत. ते म्हणाले, "आता घरात काही ठेवायचंच नाही हो! क्लाउडवर टाकायचं. दूर कुठेतरी इमारतीच्या इमारती भरून मशीनं असतात, त्यातला चिमूटभर भाग आपल्याला वापरायला देतात. सांभाळणं, गार ठेवणं, वीज देणं, सगळं त्यांच्याकडे. आपण घरबसल्या हुकूम सोडायचे."

घरबसल्या हुकूम सोडायचे, हे मला आवडलं. कचेरीत ती संधी कधी आली नव्हती.

क्लाउडवाल्यांनी नवख्यांसाठी एक मार्गदर्शिका दिलेली होती, 'सुरुवात कशी करावी' अशा अर्थाच्या नावाची. मी ती छापून घेतली. शेहेचाळीस पानं. भोकं पाडून, दोरी ओवून, वर जाड पुठ्ठा लावून तिची रीतसर नस्ती केली आणि वाचायला बसलो. आणि सांगतो, मी चकित झालो. चौतीस वर्षांत मी हजारो परिपत्रकं वाचली असतील, पण वाचल्यानंतर काय करायचं ते कळतं असं परिपत्रक मी पहिल्यांदाच पाहत होतो. 'आता हे बटण दाबा.' दाबलं. 'आता तुम्हाला हे दिसेल.' दिसलं! मी बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "मग त्यात काय?" तिला परिपत्रकांचा अनुभव नाही.

खातं उघडताना पहिला पेच पडला तो प्रदेशाचा. आपलं मशीन जगातल्या कुठल्या भागात हवं ते निवडायचं होतं, आणि भली लांब यादी समोर आली. बायको म्हणाली, "थंड ठिकाणचं घ्या, मशीन तापतं." चष्मेवाले म्हणाले, "मेहुण्याच्या ऑफिसजवळचं बघा, काही झालं तर तो जाऊन येईल." माझं मत होतं की शक्य तितकं लांबचं घ्यावं, कारण महत्त्वाच्या कागदांची एक प्रत मूळ इमारतीपासून दूर ठेवायची असा आमच्याकडे नियमच होता. शेजारीच राहणारी ताई आमच्या दारात बसून मेथी की काय ते निवडत होती. ती म्हणाली, "लाइन जितकी जवळची तितका आवाज लवकर पोचतो. जवळचं घे."

पान नऊवर नेमकं हेच लिहिलेलं निघालं. मी त्या ओळीखाली रेघ मारली आणि पान उलटलं.

मग मशीनचं बारसं. मी 'रक्तदाते नोंदवही, सुधारित' असं भारदस्त नाव दिलं. यंत्रानं ते नाकारलं. फक्त इंग्रजी लहान अक्षरं हवीत, मोकळी जागा नको, स्वल्पविराम तर मुळीच नको. मी पाच वेळा प्रयत्न केला आणि पाचही वेळा लाल अक्षरांत अपमान झाला. शेवटी बायकोनं मागून हात घालून 'ताई' एवढं इंग्रजीत टाइप केलं आणि ते एका फटक्यात मान्य झालं.

पण त्या मशीनची शिस्त बघून माझा ऊर भरून आला, हे कबूल करतो. नवीन मशीनची सगळी दारं मुळात बंद असतात. जे उघडायचं ते आपण सांगून उघडायचं, कुणासाठी उघडलं त्याची नोंद राहते, वेळही राहते. आमच्या अभिलेख कक्षात अशी व्यवस्था असती तर सत्याऐंशी सालची ती तीन कपाटं कुठे गेली हे आज सांगता आलं असतं. चष्मेवाले म्हणाले, "सगळी दारं उघडून टाका हो, मग बघू. मेहुणा तेच करतो." मी त्या मेहुण्याच्या कंपनीची मनातल्या मनात काळजी केली आणि हवं तेवढंच एक दार उघडलं.

इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. घोटाळा किल्लीपाशी झाला.

मशीनमध्ये शिरायला एक खाजगी किल्ली मिळते. किल्ली म्हणजे संगणकातली एक फाईल, आणि तीत सत्तावीस ओळींचा अगम्य मजकूर: मोठी अक्षरं, लहान अक्षरं, आकडे, मध्येच एखादी तिरपी रेघ. पडद्यावर इशारा आला की ही फाईल एकदाच मिळेल, पुन्हा मिळणार नाही, जपून ठेवा. जपून ठेवा! हे वाक्य मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मनापासून म्हणत होतं. मी तातडीनं त्या मजकुराची छापील प्रत काढली, कोपऱ्यावरच्या दुकानातून ती लॅमिनेट करून आणली, लोखंडी कपाटात घराच्या कागदपत्रांखाली ठेवली, कपाटाला कुलूप लावलं. आणि संगणकातली मूळ फाईल, कुणाच्या हाती पडू नये म्हणून, कायमची पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी पान चौदा उघडलं. 'आता तुमची किल्लीची फाईल निवडा.'

मी बराच वेळ पान चौदाकडे बघत बसलो. मग पान पंधरा बघितलं. लॅमिनेट केलेल्या किल्लीबद्दल पुढच्या एकतीस पानांत चकार शब्द नव्हता.

बायकोला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. ती सरळ शेजारी जाऊन ताईला घेऊन आली. ताईनं तो चकचकीत कागद हातात घेतला, चष्मा लावला, वरून खाली एकदा बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे हे जसंच्या तसं परत लिहायचं, एवढंच ना?"

"ताई, एका ओळीत चौसष्ट अक्षरं आहेत. सत्तावीस ओळी. एक चुकलं तरी दार उघडणार नाही."

"मी सांगते. तू लिही."

पुढचे दोन दिवस दुपारी आमच्या घरात जे चाललं होतं ते मी जन्मात विसरणार नाही. ताई खुर्चीत ताठ बसली होती, कागद डाव्या हातात. चार चार अक्षरांचे घास करून ती सांगायची, "मोठा एम, लहान क्यू, सात, मोठा टी." मी दोन बोटांनी टाइप करून परत म्हणायचं. मी सवयीनं "हं" म्हटलं तर थांबायची. "लाइनवर 'हं' चालत नाही. काय लिहिलंस ते सांग." कागदाच्या चकाकीत अक्षरं दिसेनात म्हणून बायकोनं पडदे ओढले आणि ओळीखाली फूटपट्टी धरून बसली. मोठा आय की लहान एल, शून्य की ओ, यावर अडलं की चष्मेवाले दुकानातलं भिंग घेऊन वर यायचे आणि डोळा बारीक करून निकाल द्यायचे. त्या माणसाला मी इतकं मन लावून काम करताना कधी बघितलेलं नाही. ताईचा आवाज पहिल्या ओळीला होता तसाच सत्ताविसाव्या ओळीला. घाई नाही की कंटाळा नाही. माझं मात्र अकराव्या ओळीला एकदा, एकोणिसाव्याला दोनदा चुकलं, आणि तिन्ही वेळा ते तिच्या लक्षात आलं, पडदा न बघता, नुसतं मी परत कसं म्हटलं त्यावरून.

शेवटचं अक्षर टाइप झालं. मी फाईल जतन केली, पान चौदावर परत आलो आणि बटण दाबलं. दार पहिल्या फटक्यात उघडलं. सोळाशेच्या वर अक्षरं, आणि चूक एकही नाही! मी उठून ताईला नमस्कारच करणार होतो, पण ती "चहा टाक गं" म्हणत स्वयंपाकघरात गेली होती.

संध्याकाळी चष्मेवाल्यांचा मेहुण्याशी फोन झाला. परत येऊन ते म्हणाले, "मेहुणा म्हणतो, ते मशीन पुसून दुसरं करायचं होतं. दोन मिनिटांचं काम." ही माहिती ताईला द्यायची नाही, असं आम्हा तिघांत त्याच क्षणी ठरलं.

मार्गदर्शिकेत यादी ठेवण्याचा एक तयार प्रोग्रॅम बसवायची रीत होती. तो बसवला, आणि रुग्णालयाच्या टेबलासाठी एक परवलीचा शब्द करून दिला. आता वह्यांतली नावं भरायची. इथे माझं आणि ताईचं वाजलं. मी चार रकाने केले होते: नाव, रक्तगट, फोन, शेवटचं रक्तदान. ताई म्हणाली, "आणि शेरा?"

"शेऱ्याची काय गरज आहे? यादी सुटसुटीत हवी."

"शेऱ्याशिवाय ती नुसती नावं आहेत."

"ताई, अनावश्यक मजकूर वगळणं हे माझं आयुष्यभराचं काम आहे."

"आणि माणसं फोनवर आणणं हे माझं," ती म्हणाली. "रकाना कर. मीच भरीन."

मी रकाना केला, पण सगळ्यात शेवटी आणि अरुंद. ती रोज जेवण झालं की आमच्याकडे येऊन वह्या मांडायची आणि एका बोटानं टाइप करत बसायची. काय लिहिते ते मी बघितलं नाही. रुसलो होतो म्हणा हवं तर.

बुधवारी चाचणी सुरू झाली. मशीनचा पत्ता म्हणजे ठिपके देऊन लिहिलेले चार आकडे. मी तो कागदावर टाइप करून, सही करून रुग्णालयात नेऊन दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. त्यांनी पत्ता टाकला आणि यादी झळकली. अधीक्षक बाई म्हणाल्या, "वा! सुंदर." मी घरी तरंगत आलो. संध्याकाळी साडेपाचला मशीन बंद केलं, वहीत वेळ लिहिली, सही केली. गुरुवारी सकाळी बरोबर दहाला सुरू केलं, वेळ लिहिली, सही केली.

साडेअकराला रुग्णालयातून फोन. "यादी दिसत नाही."

मी माझ्या पडद्यावरून बघितलं. दिसत होती. "दिसतेय की! तुम्ही पत्ता नीट टाका."

शुक्रवारी पुन्हा तेच. ताई माझ्या खुर्चीमागे उभी होती. ती म्हणाली, "अरे, परवा शेवटचा आकडा एकशे अठ्ठावन्न होता. काल त्र्याहत्तर होता. आज सत्तेचाळीस कसा?"

"ते आतलं काहीतरी असतं, ताई."

"नंबर बदलला तर लोक लावणार कुठे?"

"तू त्यात पडू नकोस," मी म्हटलं. हे वाक्य मी माघारी घेऊ शकलो असतो तर आज ही गोष्ट अर्धी झाली असती.

रुग्णालयाच्या अडाणीपणाला कंटाळून मी क्लाउडवाल्यांच्या मदतकक्षाला दोन पानी पत्र लिहिलं. विषय: रुग्णालयास यादी न दिसणेबाबत. संदर्भ तीन. आणि आमच्याकडून कसूर नाही हे सिद्ध करण्यासाठी सोबत माझ्या वहीतल्या रोजच्या नोंदींची प्रत जोडली, सह्यांसकट.

रविवारी दुपारी बाराच्या सुमारास भिंतीपलीकडे ताईचा फोन वाजला. दुसऱ्या घंटेला तिनं उचलला. "बोला. कुठला गट? किती वाजेपर्यंत? वॉर्ड कुठला?" मग तिनं सगळं परत म्हणून दाखवलं. मग दोन फोन. दहा मिनिटांत सगळं शांत झालं. मी पेपर वाचत होतो. थोड्या वेळानं ती आमच्याकडे आली आणि स्टुलावर बसली.

"एका बाळंतिणीला लागत होतं. एबी निगेटिव्ह. माणूस पोचला. पण अरे, त्यांनी आधी आपली यादी उघडली होती. उघडेना, म्हणून मला लावला."

"आज रविवार आहे," मी म्हटलं.

"मग?"

"सुट्टी. मशीन सुरूच केलेलं नाही."

ताई माझ्याकडे बघत राहिली. "बंद ठेवलंयस?"

"म्हणजे काय! रोजच साडेपाचला बंद करतो. उगीच चालू कशाला ठेवायचं? कचेरी सुटली की दिवे, पंखे, कपाटं—"

"एक्स्चेंज कधी सुटतं का रे?" ती म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. एकतीस वर्षांत ताई सकाळची, दुपारची, रात्रीची पाळी करून आली आणि मी तिला रोज विचारायचो, आज कामावरून सुटलीस का. एक्स्चेंज सुटलं का, असं विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी उठलो आणि मशीन सुरू केलं.

सोमवारी सकाळी मदतकक्षातल्या बाईंचं उत्तर आलं. किती सभ्य उत्तर! त्यांनी लिहिलं होतं की आपल्या नोंदी इतक्या व्यवस्थित आहेत की आम्हाला काही विचारावंच लागलं नाही. मशीन बंद केलं की त्याचा पत्ता सुटतो आणि पुन्हा सुरू केल्यावर नवा मिळतो. कायमचा पत्ता राखून ठेवायची सोय आहे, कृपया पान बावीस पाहावं. मशीन रोज बंद करण्यामागचं कारण मात्र आमच्या लक्षात आलं नाही. मी पान बावीस पाहिलं. तिथे मीच लाल पेन्सिलीनं 'महत्त्वाचे' असं लिहून ठेवलेलं होतं.

कायमचा पत्ता घेईपर्यंत ताईला आणि मला अधीक्षक बाईंचं बोलावणं आलंच. त्यांच्या टेबलावर अहवाल होता. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार: यादी उपलब्ध नाही. खाली लिहिलं होतं, 'चाचणी असमाधानकारक. स्रोत भरवशाचा नाही.'

स्रोत म्हणजे ताई. जिचा फोन दुसऱ्या घंटेपुढे कधी वाजला नाही, ती भरवशाची नाही असं कागदावर आलं होतं, आणि ते माझ्यामुळे. कागदावर आलेली गोष्ट किती वर्षं टिकते हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "यादी माझी आहे. ती बंद राहिली, त्याला जबाबदार मी."

आता, कचेरीत आमच्या हातून कधी काही घडलं नाही. कागद गहाळ झाला असावा, नजरचुकीने राहून गेले असावे, असंच घडायचं. 'मी केलं' असं वाक्य मी चौतीस वर्षांत ना लिहिलं, ना उच्चारलं. टेबलापाशी एक नर्स आणि एक लिपिक उभे होते. लिपिक तर अगदी माझ्यासारखाच दिसत होता.

"मी केलं," मी म्हटलं. "मशीन मी बंद करत होतो. रोज साडेपाचला. रविवारी पूर्ण. ताईनं नंबर बदलतोय म्हणून सांगितलं होतं, तर मी तिला गप्प केलं. तिचा काडीचाही संबंध नाही."

"बंद का करत होतात?" अधीक्षक बाईंनी विचारलं.

"कचेरी सुटते म्हणून."

नर्सनं तोंडाला रुमाल लावला. लिपिकानं मात्र समजल्यासारखी मान हलवली. अधीक्षक बाई हसल्या नाहीत. त्यांनी नवा पत्ता मागून घेतला, टाकला, आणि यादी उघडली. "काल एबी निगेटिव्ह दहा मिनिटांत कसा मिळाला, ताई? आमच्याकडे त्या माणसाचा नंबर जुन्या नोंदीत होता, तीनदा लावला, त्यानं उचलला नाही."

"तो अनोळखी नंबर उचलत नाही," ताई म्हणाली. "रविवारी तो लेकीकडे असतो. जावयाला लावायचा. शेऱ्यात आहे बघा."

बाईंनी तो माझा अरुंद रकाना ओढून रुंद केला आणि वाचायला लागल्या. आधी मनात, मग मोठ्यानं.

"'फोन बायको उचलते. आधी तिच्या पाठदुखीची चौकशी करावी, मगच काम सांगावं.' 'लगेच हो म्हणतो, पण येत नाही. त्याच्या भावाला लावावा, तो नाही म्हणतो आणि येतो.' 'सुई बघून चक्कर येते. खिडकीकडे तोंड करून बसवावं आणि क्रिकेटचं विचारावं.' 'मुलगा अपघातात गेला, त्याला वेळेवर रक्त मिळालं नव्हतं. कितीही वाजता बोलवा. फक्त तुमचा मुलगा कसा आहे असं कुणी विचारू नये.'"

नर्सनं रुमाल खाली घेतला. मी भिंतीकडे बघत होतो, कारण दुसरीकडे बघायची सोय राहिली नव्हती. अनावश्यक मजकूर, असं मी म्हणालो होतो. तो मजकूर पाचशे बारा माणसांचा होता, आणि तिनं तो रोज दुपारी एका बोटानं माझ्या पाठीमागे बसून भरला होता.

अधीक्षक बाईंनी अहवाल उचलला, 'भरवशाचा नाही' ही ओळ खोडली, बाजूला आद्याक्षरी सही केली आणि म्हणाल्या, "एक तारखेपासून हीच यादी. फलक आहे तसा राहील. फोन आमचा माणूस लावेल, आणि कसा लावायचा ते ताई शिकवतील. आठवड्यातून दोनदा याल ना?"

"येईन की," ताई म्हणाली. पर्स तिनं कधीच टेबलावर ठेवून दिली होती.

"आता एकच. यात मालक म्हणून कुणाचं नाव आहे?"

माझं होतं. मशीनचा मालक, खात्याचा मालक, सगळीकडे मीच. आयुष्यात प्रथमच कशाचा तरी मालक झालो होतो. मी तिथल्या तिथे, त्यांच्याच संगणकावर, मालकाच्या जागी ताईचं नाव घातलं. पडद्यानं विचारलं, खात्री आहे? मी हो दाबलं, आणि पोच मागितली नाही.

अधीक्षक बाई खुर्चीवरून उठल्या. "बसा, ताई. एकदा बघून घ्या."

ताई त्या मोठ्या खुर्चीत बसली. चष्मा लावला. पडद्यावरची प्रत्येक ओळ ओठ हलवत वाचली. माझ्या नावापाशी थांबली. नावापुढे चार अधिकार होते: पाहणे, लिहिणे, सुरू करणे, बंद करणे, आणि चारही चौकटींत खूण होती. तिनं पहिल्या तीन तशाच ठेवल्या. चौथीवरची खूण काढली, आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"राग नाही ना आला?"

"नाही," मी म्हणालो, आणि ते खरं होतं. माझे अधिकार काढून घेणारे वरिष्ठ माझ्या नोकरीत पुष्कळ आले आणि बदलून गेले, पण खुर्चीत बसायला योग्य माणूस आलंय असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.